लाकडाचं अचूक वर्तुळ कापायचं कसं: जिगसॉ आणि राउटरने, टप्प्याटप्प्याने

प्लायवर पेन्सिलीने वर्तुळ आखायचं, जिगसॉ (वरखाली हलणाऱ्या अरुंद ब्लेडची यंत्रकरवत) हातात घ्यायचा आणि रेषेवर नजर रोखून हळूहळू फिरत जायचं. घरी काम करणारे बहुतेक जण असंच करतात. निघालेली तबकडी लांबून गोल दिसते. पण ती मधोमध खिळ्यावर ठेवून फिरवली आणि कडेजवळ पेन्सिलीचं टोक स्थिर धरलं, की खरं काय ते कळतं. कुठे टोक कडेला घासतं, कुठे दोन मिमीची फट पडते. मग वाटतं, आपला हात अजून बसलेला नाही.

हाताचा यात दोष नसतो. नजरेच्या भरवशावर चालवलेलं ब्लेड सतत किंचित भरकटतं, आपण ते परत रेषेवर आणतो, आणि असं प्रत्येक वळवून आणणं कडेवर उमटतं. वर्षानुवर्षं सराव केला तरी हे पूर्ण थांबत नाही. अचूक वर्तुळासाठी हत्याराला केंद्राशी बांधावं लागतं, म्हणजे नजरेवर काही सोडायची वेळ येत नाही. शिवाय जादा लाकूड काढण्याचं काम आणि शेवटची कड घेण्याचं काम वेगळं ठेवावं लागतं. पहिलं जिगसॉचं, दुसरं राउटरचं, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने (धारदार कापणीच्या तुकड्याने) लाकूड कोरणाऱ्या यंत्राचं. दोन्ही एकाच फेरीत उरकायला गेलं की काम बिघडतं.

खाली मी १८ मिमी प्लायमधून ६०० मिमी व्यासाची तबकडी कापायचं उदाहरण धरलं आहे. माप बदललं तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १: कोणत्या मापाला कोणतं हत्यार

सुमारे १०० मिमी व्यासापर्यंतच्या तबकड्यांसाठी ड्रिलला लावायचा होल सॉ (काठाला दात असलेली वाटीसारखी करवत) पुरतो. त्याच्यावर लिहिलेलं माप भोकाचं असतं, आतून निघणाऱ्या तबकडीचं नसतं. दातांची जाडी दोन्ही बाजूंनी वजा होते, म्हणून तबकडी काही मिमी लहान निघते. ड्रिल कमी वेगावर ठेवा आणि बाजूचा दांडा लावल्याशिवाय मोठा होल सॉ चालवू नका. तो लाकडात अडकला तर मनगट पिरगळतो. मधल्या बिटचं टोक पलीकडून दिसलं की थांबा, फळी उलटी करा आणि उरलेलं त्या बाजूने कापा. दोन्ही कडा स्वच्छ निघतात. या तबकडीला मधोमध भोक राहतं, ते आधीच हिशेबात धरा.

साधारण १५० मिमीच्या पुढे राउटर आणि कंपासपट्टी. कंपासपट्टी म्हणजे राउटरच्या तळाला जोडलेली लांब पट्टी. तिचं एक टोक केंद्रातल्या खुंटीवर फिरतं, दुसऱ्या टोकाला राउटर कापतो. हा लेख मुख्यतः याबद्दल आहे.

हातातला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची यंत्रकरवत) वळण घेण्यासाठी नाही. त्याचं पातं सपाट असतं. कापताना वळवलं की ते खाचेत आवळतं आणि यंत्र झटक्याने मागे येतं. कोपरे सरळ छाटण्यापुरताच तो वापरा.

> सावधान: बिट किंवा ब्लेड बदलताना प्लग सॉकेटमधून काढलेलाच हवा. नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही. डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण, नाकातोंडावर मास्क. एमडीएफची (लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबून केलेल्या फळीची) धूळ फार बारीक असते, तिथे मास्क टाळूच नका. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा.

## टप्पा २: कंपासपट्टी

बाजारात तयार मिळते, पण घरी केलेली तितकीच चांगली चालते. ६ मिमी प्लाय किंवा एमडीएफची पट्टी घ्या, राउटरच्या तळापेक्षा थोडी रुंद, आणि त्रिज्येपेक्षा निदान २०० मिमी लांब. राउटरच्या तळाची प्लॅस्टिकची चकती काढा, तिच्यावरून स्क्रूच्या जागा पट्टीवर उतरवा, भोकं पाडा, स्क्रूची डोकी आत बसतील असे खळगे करा. बिट बाहेर येण्यासाठी मोठं भोक पाडा. मूळ स्क्रू या जाडीला तोकडे पडत असतील तर त्याच आट्यांचे लांब स्क्रू घ्या. दोन आट्यांवर तग धरलेला राउटर कंपनाने सुटू शकतो.

पट्टी धरून वरखाली हलवून बघा. लवत असेल तर जाड पट्टी घ्या किंवा वरून काटकोनात एक उभी पट्टी चिकटवा. लवणारी पट्टी त्रिज्या बदलत नाही, पण बिट तिरकं करते आणि कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही.

### खुंटी

इथे मी मुद्दाम थांबतो, कारण बिघडलेल्या वर्तुळांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

खिळा वापरू नका. खिळ्याची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि भोकात तो चपखल बसत नाही. ६ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग किंवा ६ मिमीची स्टीलची सळी घ्या. पट्टीतलं भोकही त्याच ६ मिमीच्या बिटने पाडा. खुंटी भोकात बोटाच्या दाबाने जायला हवी. अलगद पडत असेल तर भोक मोठं झालं, हातोडी लागत असेल तर पट्टी फिरणार नाही.

अर्ध्या मिमीची ढिलाई त्रिज्येत अर्धा मिमी आत-बाहेर होऊ देते, म्हणजे व्यासात एक मिमीपर्यंत फरक. आणि ती कधी इकडे, कधी तिकडे पडते, म्हणून निघालेला आकार कुठल्याच एका मापाचा नसतो.

माझी एक तबकडी अशीच गेली. खुंटी तबकडीच्या मऊ प्लायमध्ये फक्त ५ मिमी खोल बसवली होती. पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसऱ्या फेरीत राउटरचा आवाज एका जागी किंचित जड झाला, मी तसाच पुढे गेलो. पूर्ण झाल्यावर सुरुवातीच्या जागेवर नख फिरवलं तर ते पायरीवर अडकलं. खुंटी काढून पाहिली, भोक लांबट झालेलं होतं, तांदळाच्या दाण्यासारखं. तेव्हापासून खुंटी तबकडीतून आरपार नेऊन खालच्या टाकाऊ फळीत रोवतो.

### दोन भोकं, दोन त्रिज्या

पट्टीत खुंटीसाठी एक नाही, दोन भोकं पाडा. पहिलं त्रिज्येपेक्षा ०.५ मिमी जास्त अंतरावर, दुसरं नेमक्या त्रिज्येवर. सगळ्या खोल फेऱ्या पहिल्या भोकावर घ्यायच्या आणि शेवटची नाजूक फेरी दुसऱ्यावर. अर्ध्या मिमीवरची दोन भोकं एकाच रेषेत बसणार नाहीत, एकमेकांत मिसळतील. म्हणून एक पट्टीच्या मधल्या रेषेच्या डावीकडे पाडा, दुसरं उजवीकडे. अंतर पट्टीच्या टोकापासून नाही, दोन्हीकडे बिटच्या मध्यापासून मोजा आणि त्यात बिटची अर्धी जाडी मिळवा. हा हिशेब टप्पा ३ मध्ये आहे.

## टप्पा ३: त्रिज्येचं गणित

व्यासाच्या अर्धं म्हणजे त्रिज्या, हे सगळ्यांना येतं. चूक होते ती बिटची जाडी विसरल्याने.

तबकडी हवी असेल तर खुंटीच्या मध्यापासून बिटच्या आतल्या धारेपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. भोक हवं असेल तर बाहेरच्या धारेपर्यंतचं. ८ मिमी बिटने ३०० मिमी त्रिज्येची तबकडी काढायची तर खुंटीपासून बिटच्या मध्यापर्यंत ३०४ मिमी. तेवढ्याच त्रिज्येचं भोक पाडायचं तर २९६ मिमी. एका कापातून बरोब्बर बसणारी तबकडी आणि भोक दोन्ही मिळत नाहीत. ६०० मिमीची तबकडी निघते तेव्हा मागे ६१६ मिमीचं भोक उरतं.

त्रिज्येतली चूक व्यासात दुप्पट होते, हेही मनात ठेवा.

बिटवर लिहिलेल्या मापावर विसंबू नका. धार लावून आणलेलं ८ मिमीचं बिट ७.८ मिमी भरू शकतं. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. नाहीतर बिट हाताने फिरवून त्याची धार खुंटीकडे करा आणि थेट तिथून मोजपट्टीने माप घ्या.

> तपासणी: टाकाऊ तुकड्यावर खुंटी रोवून ३ मिमी खोल, वीतभर लांब चाप कापा. खुंटीच्या कापाकडच्या बाजूपासून खाचेच्या आतल्या कडेपर्यंत मोजा आणि खुंटीच्या जाडीचे अर्धे, म्हणजे ३ मिमी, त्यात मिळवा. पहिल्या भोकावर ३००.५ आणि दुसऱ्यावर ३०० यायला हवेत. चुकलं तर नवं भोक पाडा. जुनं कानसून सरकवायचा मोह आवरा, त्यानेच ढिलाई येते.

## टप्पा ४: फळी, केंद्र, आखणी

६०० मिमीच्या तबकडीसाठी ६२० मिमीचा चौरस घ्या. कर्ण आखून केंद्र काढा. पण कर्ण एकमेकांना छेदतात ती जागा आणि ड्रिल खरोखर शिरतो ती जागा यात फरक पडतो. आधी पोगराने किंवा टोकदार खिळ्याने खळगी करा, मग ३ मिमी बिट, मग ६ मिमी. ड्रिल उभा राहील यासाठी शेजारी गुण्या उभा करून डोळ्याच्या पातळीवरून बघा. तिरकं भोक म्हणजे तिरकी खुंटी, आणि राउटर खाली-वर झाला की तिची त्रिज्या बदलते.

तबकडीच्या दर्शनी बाजूवर भोक नको असेल तर दोन उपाय आहेत. तबकडी उलटी ठेवा, मागच्या बाजूने १२ मिमी खोल भोक पाडा आणि सगळं काम त्या बाजूने करा. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे आरपार जाणार नाही. इथे खुंटी आरपार नसल्याने फेऱ्या आणखी हलक्या घ्या. किंवा १२ मिमी प्लायचा तळहाताएवढा तुकडा केंद्रावर डबल टेपने घट्ट चिकटवून खुंटी त्यात रोवा. मग पट्टीच्या राउटरकडच्या भागाखालीही तेवढ्याच जाडीचा तुकडा लावावा लागतो, नाहीतर राउटर वाकडा बसतो. मला पहिला उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

आता वर्तुळ आखा. सुतळी ताणली जाते, म्हणून ती नको. पातळ पट्टीला दोन भोकं पाडा, एकात खुंटी, दुसऱ्यात पेन्सिल. ३०० मिमीची रेषा आखा आणि ३०३ मिमीची दुसरी. जिगसॉ या बाहेरच्या रेषेवर चालवायचा आहे. आतल्या रेषेला त्याने शिवायचंही नाही.

## टप्पा ५: जादा लाकूड काढणे

सर्क्युलर सॉ असेल तर आधी चार कोपरे छाटा. चौरसाच्या बाजूला ०.२९३ ने गुणा. ६२० मिमीला सुमारे १८२ मिमी येतात. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर तेवढ्या अंतरावर खुणा करा आणि सरळ पट्टी लावून कापा. अष्टकोन तयार होतो आणि जिगसॉचं काम हलकं होतं.

मग जिगसॉ. त्याच्या बाबतीत चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, ब्लेडची मागेपुढे झुलण्याची सोय चालू ठेवणं. ती सरळ आणि झटपट कापणीसाठी असते. वळणावर तिने कड फाटते. शून्यावर आणा.

दुसरी, रुंद ब्लेड. वळणासाठी अरुंद, बारीक दातांचं ब्लेड घ्या. रुंद ब्लेडची पाठ खाचेत घासते आणि लाकूड जळतं.

तिसरी, चांगली बाजू वर ठेवणं. साधं ब्लेड वर येताना कापतं, म्हणून ढलप्या वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवा. वरच ठेवावी लागत असेल तर रेषेवर मास्किंग टेप लावा आणि टेपवर रेषा पुन्हा आखा.

चौथी, ढकलणं. जाड लाकडात वळण घेताना जोर लावला की ब्लेडचं खालचं टोक बाहेर किंवा आत वाकतं. वरून रेषा अगदी बरोबर दिसते आणि खाली कड ३ मिमी सरकलेली असते. आत सरकली तर तबकडी वाया. ३ मिमीचं अंतर आपण त्यासाठीच ठेवलं आहे. जाडी १८ मिमीपेक्षा जास्त असेल तर ते ५ मिमी करा.

बाहेरच्या भागात ठिकठिकाणी कडेपासून रेषेपर्यंत सरळ काप घेऊन ठेवा. जादा लाकूड तुकड्यातुकड्याने गळून पडतं, लोंबकळत राहून ब्लेड आवळत नाही.

> तपासणी: कापून झाल्यावर तबकडी उलटी करून खालच्या बाजूची कड केंद्रातल्या भोकापासून मोजा. कुठेही ३०१ मिमीपेक्षा कमी भरत असेल तर तिथे राउटरला घेण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढे जाण्याआधी त्रिज्या कमी करायची का, हे आत्ताच ठरवा.

जिगसॉलाही कंपासपट्टी लावता येते. तिथे खुंटी आणि ब्लेडच्या दातांची पुढची धार एकाच रेषेत हवी, आणि ती रेषा ब्लेडच्या दिशेशी काटकोनात. खुंटी पुढे किंवा मागे सरकली तर ब्लेड सतत एका बाजूला ओढतं आणि वाकतं. टेबल झाकायच्या फळीला एवढी अचूकता पुरते. दुसऱ्या भागात बसवायच्या तबकडीला पुरत नाही.

## टप्पा ६: तबकडी पक्की करणे

राउटर चारी बाजूंनी फिरणार, म्हणजे वर क्लॅम्प लावायला जागा नाही. तबकडीपेक्षा मोठी टाकाऊ फळी टेबलावर ठेवा, तिला बाहेरच्या कोपऱ्यांवर क्लॅम्प लावा. तबकडी तिच्यावर डबल टेपने चिकटवा. दोन्ही पृष्ठभाग आधी कोरड्या फडक्याने पुसा, भुशावर टेप धरत नाही. ६०० मिमीच्या तबकडीला केंद्राभोवती एक आणि कडेपासून ४० मिमी आत चारी बाजूंना एकेक पट्टी लावा आणि प्रत्येकीवर हाताने भार द्या. मागच्या बाजूला स्क्रूची भोकं चालत असतील तर खालून स्क्रू सर्वांत उत्तम. ते कडेपासून लांब असावेत आणि तबकडीत १२ मिमीपेक्षा जास्त शिरू नयेत.

आता केंद्रातल्या भोकातून ६ मिमी ड्रिल टाकाऊ फळीतही उतरवा आणि खुंटी रोवा.

बिट तबकडीच्या कडेवर असतं, त्यामुळे राउटरचा अर्धा तळ हवेत राहतो आणि तो बाहेर कलंडू पाहतो. कड तिरकी होण्याचं हे मोठं कारण आहे. तबकडीभोवती टाकाऊ फळीवर १८ मिमी प्लायचेच उरलेले तुकडे ठेवून पक्के करा, कडेपासून २० मिमी लांब. आधी छाटलेले कोपरे इथे कामी येतात. तळाला दोन्हीकडे आधार मिळाला की कड आपोआप गुण्यात येते.

> सावधान: प्लग न लावता, बिट वर उचललेलं ठेवून पूर्ण एक फेरी मारून बघा. पट्टी क्लॅम्पला अडते का? तुम्हाला टेबलाभोवती फिरता येतं का? वायर कुठे गुंतते? वायर खांद्यावरून मागे टाका आणि अर्ध्या फेरीला तुमचे पाय कुठे असतील तेही बघा. चालू राउटर हातात असताना वायर सोडवत बसायची वेळ येऊ देऊ नका.

## टप्पा ७: राउटरच्या खोल फेऱ्या

बिट कॉलेटमध्ये (राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत) तळापर्यंत घाला, मग २-३ मिमी बाहेर ओढून आवळा. तळाला टेकवून आवळलं तर पकड नीट बसत नाही. कॉलेटने बिटच्या दांड्याचा निदान तीन चतुर्थांश भाग धरलेला असावा. सरळ, दोन धारांचं ८ मिमी बिट या कामाला योग्य आहे. राउटरच्या कॉलेटमध्ये १२ मिमीचा दांडा बसत असेल तर तशा दांड्याचंच बिट घ्या, ६ मिमीचा दांडा लांब बिटला लवतो.

खुंटी पट्टीच्या पहिल्या भोकात, ३००.५ वर.

दिशा: तबकडी कापताना राउटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. वरून पाहता राउटरचं बिट काट्यांच्या दिशेने फिरतं, त्यामुळे उलट जाताना ते लाकडाच्या विरोधात कापतं आणि ताबा तुमच्याकडे राहतो. काट्यांच्या दिशेने गेलात तर बिट चाकासारखं धावतं आणि राउटर हातातून पुढे पळतो. भोक कापताना, आतली कड घेताना, हे बरोबर उलट: काट्यांच्या दिशेने.

खोली: एका फेरीला ४ मिमी, म्हणजे बिटच्या जाडीच्या अर्धी. १८ मिमीला पाच फेऱ्या लागतील, शेवटची टाकाऊ फळीत १ मिमी शिरेल एवढी. जिगसॉने बरंचसं लाकूड आधीच काढलेलं असल्याने एका फेरीत ६ मिमीही जातील, पण पहिल्या तबकडीला चारच ठेवा.

क्रम असा. राउटर तबकडीच्या बाहेर, कड न शिवता चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, खोलीवर आणा, मग पट्टी खुंटीवर बसलेली आहे याची खात्री करून काट्यांच्या उलट निघा. पट्टीला जागेवर ठेवून बिट बाहेर राहत नसेल तर जादा लाकूड सर्वांत कमी आहे ती जागा सुरुवातीला निवडा आणि तिथे चालू राउटर हळू खाली न्या. खाली नेताना तिथेच थांबून राहू नका, जळल्याचा काळा डाग पडतो. खाली पोचलात की लगेच निघा.

वेग कानाने ठरवा. आवाज सलग, एका पट्टीत राहायला हवा. तो खर्जात उतरला तर तुम्ही घाई करता आहात. किंचाळायला लागला आणि जळका वास आला तर फार हळू जाता आहात, किंवा बिट बोथट आहे. भुसा बघितला तरी कळतं: नीट कापलं जातं तेव्हा बारीक, कोरडी ढलपी पडते, पिठासारखी धूळ नाही.

दर फेरीनंतर राउटर बंद करा, बिट पूर्ण थांबू द्या, मगच उचला. खाचेतला भुसा झटका. भुसा साचला तर राउटर त्यावर चढतो.

> तपासणी: दुसऱ्या फेरीनंतर खुंटी बोटांनी हलवून बघा. किंचितही डुलत असेल तर पुढे जाऊ नका. टाकाऊ फळीखाली आणखी एक तुकडा स्क्रूने लावून खुंटी खोल रोवा.

## टप्पा ८: शेवटची फेरी

आता खुंटी काढून दुसऱ्या भोकातून घाला, नेमक्या ३०० वर. खोली पूर्ण, १९ मिमी. कापायचं लाकूड मात्र फक्त अर्धा मिमी. बिटवर जवळजवळ भारच नसतो, त्यामुळे ते लवत नाही, कड आरशासारखी गुळगुळीत निघते आणि आधीच्या पाच फेऱ्यांच्या आडव्या रेघा पुसल्या जातात.

ही फेरी न थांबता घ्या. मध्ये पाय बदलायला थांबलात तर तिथे खूण राहते. सुरुवातीची जागा ओलांडून चार बोटं पुढे जा, मग राउटर बाहेर घ्या. टेप अजून धरून आहे ना, हे या फेरीआधी तबकडी ढकलून नक्की बघा.

जिगसॉ नसेल आणि सगळं राउटरनेच करायचं असेल तर खाच १७ मिमी खोल होईपर्यंत थांबा आणि तळाचा एक मिमी पापुद्रा तसाच ठेवा. तो शेवटी हातकरवतीने किंवा पातळ सुरीने कापा आणि कड काचकागदाने साफ करा. चालू बिटजवळ तबकडी किंवा बाहेरचा भाग सुटा झाला तर तो बिटमध्ये अडकतो.

तबकडी काढताना पाना किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उपटू नका. पातळ लाकडी पाचर सरकवा आणि थांबा, टेप हळूहळू सोडते. घाईत विनियर, म्हणजे प्लायचा वरचा पातळ थर, सुटून येतं.

## टप्पा ९: खरंच गोल आहे का?

व्यास चार दिशांनी मोजून सारखा आला म्हणजे वर्तुळ झालं, असं समजलं जातं. ते पुरेसं नाही. सगळ्या दिशांनी सारखी रुंदी असलेले आणि तरीही गोल नसलेले आकार असतात. फुगीर बाजूंचा त्रिकोण त्यांतलाच. केंद्राचं भोक आपल्याकडे आहेच, म्हणून त्रिज्या मोजा, आठ ठिकाणी. सर्वांत मोठ्या आणि लहान मापात ०.३ मिमीच्या आत फरक असेल तर काम उत्तम आहे.

मग लहान गुण्या कडेला लावून उजेडाकडे धरा. गुण्याखाली उजेडाची पाचर दिसली तर कड तिरकी आहे, आणि पुढच्या वेळी आधाराचे तुकडे नीट लावायचे आहेत.

कड साफ करायला १२० नंबरचा काचकागद, लवचिक पट्टीवर गुंडाळून. लाकडी ठोकळ्यावर लावला तर गोलाईवर लहान सपाट जागा पडतात, आणि पॉलिश लागल्यावर उजेडात त्या स्पष्ट दिसतात.

## अखंड लाकूड असेल तर

प्लाय आणि एमडीएफ सगळीकडून सारखं कापलं जातं. अखंड लाकडात तंतूंना दिशा असते. वर्तुळाच्या चार भागांपैकी समोरासमोरच्या दोन भागांत बिट तंतू उचलून फाडतं. म्हणून तिथे अर्ध्या मिमीची एकच शेवटची फेरी पुरत नाही. पहिल्या भोकावर खोल फेऱ्या ३ मिमीच्या घ्या, आणि शेवटची फेरी धारदार, नव्या बिटने. दिशा उलटी करून फाटणं टाळावं असा सल्ला ऐकायला मिळतो. कंपासपट्टीवर हातातल्या राउटरने मी तो कुणालाही देणार नाही, ताबा सुटतो.

अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याने तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आक्रसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. आज अचूक गोल कापलेली तबकडी काही महिन्यांनी किंचित लंबगोल होते. ती कुठल्या चौकटीत बसवायची असेल तर भोवती जागा सोडा, आणि मागे पट्टी लावायची असेल तर लांबट भोकांतून स्क्रू घ्या म्हणजे लाकडाला सरकता येईल.

## चुकलं तर

तबकडी मोठी निघाली: केंद्राचं भोक शाबूत आहे, पट्टीत नवं भोक पाडा आणि एक फेरी घ्या. म्हणून सगळं संपेपर्यंत ते भोक बुजवू नका आणि तबकडी टाकाऊ फळीवरून काढूही नका.

तबकडी लहान निघाली: कडेला लाकडाची पातळ पट्टी चिकटवून भरता येतं, पण जोड दिसतो. दर्शनी कामात नवीन फळी घेतलेली बरी.

सुरुवात आणि शेवट जुळत नाही, नखाला पायरी लागते: काचकागदाने पायरी घासून काढू नका. पायरी गेली तरी त्या जागी वर्तुळ चपटं होतं. खुंटीची ढिलाई शोधा, ६ मिमीचं भोक ८ मिमीचं करून ८ मिमी सळीची नवी खुंटी घट्ट बसवा, पट्टीतही त्या मापाचं भोक पाडा, त्रिज्या एक मिमीने कमी धरा आणि पुन्हा पूर्ण फेरी घ्या. ५९८ मिमीची खरी गोल तबकडी कुठेही बसवता येते. पायरी असलेली ६०० मिमीची तबकडी फिरत्या टेबलावर ठेवली की दर फेरीला डोळ्यांत भरते.